दुखवट्याच्या घरी पेटी राहत नाही

बाई,

तुम्ही घालून दिलेल्या नियमाप्रमाणे परवा संध्याकाळी मंडळाची माणसे आली आणि माझ्या मुलीच्या मधमाश्यांच्या पेट्या घेऊन गेली. मुलगी श्रावणात वारली. पेट्या महिन्याच्या आत घराबाहेर पडल्या. नियमपालनात कोठेही उणे राहिले नाही, हे तुम्हाला सर्वांत आधी कळवावे असे वाटले. कारण आपल्या मधपाळ मंडळात हा नियम तुम्ही केलात आणि तुमच्या पश्चात तो राखण्याचे काम माझ्याकडे आले. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षे लोटली आहेत की मंडळातल्या बहुतेक सभासदांनी तुम्हाला पाहिलेलेही नाही. त्यांच्या लेखी तुम्ही म्हणजे सभेच्या खोलीतल्या भिंतीवरचा एक फोटो आहात. माझ्या लेखी मात्र तुम्ही अजून नाशिक रोडच्या त्या भाड्याच्या घरात ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या आहात, आणि मी दारात चपला काढून, आत यावे की न यावे, असा थांबलो आहे.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले, ते तुमच्या वर्गात. पुढे वडिलांच्या हाताखाली बागकामाला लागलो आणि कालांतराने सरकारी वसाहतीत माळी म्हणून रुजू झालो. एका उन्हाळ्यात वसाहतीतल्या गुलमोहराच्या फांदीवर मधमाश्यांचा मोठा घोस येऊन लटकला. लोक जुने टायर पेटवून धूर करायला निघाले होते, तेवढ्यात कोणी तरी तुम्हाला बोलावून आणले. तुम्ही पदर कमरेला खोचून आलात, घोसाकडे पाहिलेत, मग माझ्याकडे पाहिलेत आणि म्हणालात, "तू चौथीत खिडकीपाशी बसायचास. पाढे पाठ नव्हते तुझे. ही टोपली धर आणि हलू नकोस." मी हललो नाही. तुम्ही फांदीला एक झटका दिलात आणि ओल्या मातीचे ढेकूळ पडावे तसा तो अख्खा घोस माझ्या हातातल्या टोपलीत पडला. त्या दिवशी माझ्या आयुष्याला वळण लागले, असे मी मंडळाच्या भाषणांत सांगत आलो. खरे म्हणजे त्या दिवशी मला एवढेच वाटले होते की या बाईंना माझे पाढे अजून आठवतात.

त्यानंतर रविवारी सकाळी तुमच्याकडे येणे हा परिपाठ झाला. पितळी पातेल्यावर मलमलचे फडके ताणून बांधलेले आहे, त्यावर मेणाच्या तुकड्यांसकट मध ओतलेला आहे आणि तो आपल्या गतीने खाली उतरतो आहे. मी चमच्याने दाबायला जातो. तुम्ही मागे न वळता म्हणता, "दाबू नकोस. गढूळ होतो. उतरू दे त्याला." एकदा मी एका लग्नाहून परस्पर आलो होतो आणि डोक्याला वासाचे तेल चोपडलेले होते. पेटीचे झाकण उचलताच माश्या माझ्या केसांत शिरल्या. तुम्ही सगळ्या सभासदांसमोर म्हणालात, "नवरदेव होऊन आलास होय? माशांना तुझं तेल आवडत नाही आणि मलाही नाही. नळाखाली डोकं धू, मग ये." मी डोके धुऊन आलो. त्या दिवसापासून मी डोक्याला तेल लावलेले नाही. आता केसही फारसे उरलेले नाहीत, परंतु ते निराळे. माझ्या बोलण्यातले 'लय' आणि 'नाय' हेही तुम्हीच काढलेत. सभेत उभे राहायचे तर नीट बोलावे, हा तुमचा आग्रह होता. तेव्हापासून मी नीटच बोलत आलो आहे, घरातसुद्धा.

आपल्या पहिल्या डोंगरी माश्या आणायला तुम्ही मला सुरगाण्याकडे नेले होते. डोंगरातल्या एका पाड्यावर झाडाच्या ढोलीतून त्या काढल्या, पेटीला ओले गोणपाट गुंडाळले आणि जीपमध्ये मी ती मांडीवर घेऊन बसलो. माश्या काढून देणारा म्हातारा निघताना तुम्हाला म्हणाला होता, "बाय, ह्या माशा लय मानी हायेत. घर नाय रुचलं तर सांगत नाय. उठून जात्यात." तुम्ही हसून मला म्हणालात, "ऐकलंस? तुझ्यासारख्याच आहेत." त्या जीपमध्ये बसल्या बसल्या तुम्ही मला पावसाळ्याचा धडा दिलात. पावसाळ्यात फुले नसतात, म्हणून माश्यांना साखरेचे पाणी द्यावे लागते. ते झाकण उचलून पेटीच्या आतच ठेवायचे, बाहेर कधीही नाही. उघड्यावर गोड मिळाले की माश्यांना चोरीची चटक लागते आणि भक्कम पेटीतल्या माश्या शेजारची अशक्त पेटी लुटून नेतात. "उघड्यावर ताट मांडलं की माणसंसुद्धा लुटारू होतात," असे तुम्ही म्हणालात. लुटायला आलेल्या माश्या बाहेरून अगदी कामाच्या माश्यांसारख्या दिसतात. म्हणून दारातल्या गर्दीला भुलू नये. येणाऱ्या माशीच्या पायांना परागाचे पिवळे गोळे आहेत का, ते पाहावे. पुढे प्रत्येक नव्या सभासदाकडून हे मी पाठ करून घेतले.

मग तो नियम. आपले एक सभासद, निवृत्त रेल्वे गार्ड, उन्हाळ्यात वारले आणि त्यांच्या मुलांनी वडिलांची आठवण म्हणून पेट्या ठेवून घेतल्या. पेट्यांना रोज हार घालीत असत. पावसाळा सरल्यावर आपण गेलो आणि झाकण उचलले, तर आत एकही माशी नव्हती. मेणकिड्याने चौकटीभर पांढरी जाळी विणली होती. त्यातली एक चौकट तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून सभेत आणलीत, टेबलावर उघडी ठेवलीत आणि म्हणालात, "रडणारं घर पेटी उघडत नाही. त्यात त्या घराचा दोष नाही. पण माशांना दुःख कळत नाही, भूक कळते." तेव्हापासून ठरले की सभासद वारला की महिन्याच्या आत त्याच्या सगळ्या पेट्या उघडून तपासायच्या आणि इतर सभासदांनी एकेक न्यायची. दुखवट्याच्या घरी एकही पेटी ठेवायची नाही. त्या घरात दुसरा सभासद असला, तरीही नाही.

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या पेट्यांचीही अशीच वाटणी झाली. त्यातली एक माझ्याकडे आली, सुरगाण्याच्या वंशातली. माझी मुलगी तेव्हा शाळेत जात होती. पेटी टेम्पोतून उतरण्याच्या आधीच ती म्हणाली, "आप्पा, ही माझी. तुमच्या तुम्ही बघा." ती पेटी शेवग्याखाली ठेवली गेली आणि तिथेच राहिली. नंतरच्या काळात नियम राखण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली. आपल्या एका सभासदाच्या पत्नीने, त्यांना मी वहिनी म्हणतो, पेट्या उचलताना माझ्यापुढे हात जोडले होते. "भाऊजी, एक राहू द्या. मी शिकून घेईन." मी म्हणालो, "नियम सर्वांना सारखा आहे." त्यांनी डोळे पुसले, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या स्वतःच्या हातांनी बाजूला केल्या. वर्षभराने त्या रीतसर सभासद झाल्या आणि आज मंडळात त्यांच्या इतक्या निरोगी पेट्या थोड्याच जणांकडे आहेत. मी तेव्हा चुकलो, असे मला आजही वाटत नाही.

माझ्या मुलीविषयी तुम्हाला सांगायला हवे, कारण तुम्ही तिला पाहिलेत ते फ्रॉकमध्ये. ती पोस्टात नोकरीला लागली. लग्न तिने केले नाही. का केले नाही, हे मी एकदा विचारले आणि तिने विषय बदलला. तिची आई गेल्यावर घरात आम्ही दोघेच उरलो. माझे गुडघे थकले तेव्हा सगळ्या पेट्या मी तिच्या स्वाधीन केल्या आणि मंडळाचे अध्यक्षपद तेवढे माझ्याकडे ठेवले. कांद्याच्या डोंगळ्यांना फुले आली की ती रजा काढून निफाडकडच्या शेतांवर पेट्या ठेवायला जाई. द्राक्षाच्या बागाईतदारांनी औषध फवारण्याआधी मंडळाला निरोप द्यावा, म्हणून ती त्यांच्याशी अशी भांडे की शेवटी तेच तिला द्राक्षांची पेटी भेट पाठवीत. तिची काम करण्याची पद्धत माझ्यासारखी नव्हती. पेटीवर चहाचा कप ठेवून ती फोनवर बोलत असे. तपासणी झाली की झाकण कसेही वाकडे टाकून वर अर्धी वीट ठेवी. मी मागून जाऊन झाकण सरळ करीत असे. ती म्हणे, "आप्पा, माशांनी तक्रार केली का तुमच्याकडे?" मी म्हणे, "पाणी आत जाते." ती म्हणे, "इतकी वर्षं गेलं नाही." आणि खरोखरच गेले नव्हते.

होळीच्या सुमारास तिच्या पोटातल्या दुखण्याचे निदान झाले. डॉक्टरांनी मला बाहेर बसवून तिला आत बोलावले, यावरूनच मी समजलो. ज्येष्ठात, पाऊस लागण्याच्या आधी, तिने शेवटची तपासणी केली. उभे राहवत नव्हते म्हणून स्टुलावर बसून एकेक झाकण उचलले. मी धूरपात्र धरून शेजारी उभा होतो. चौथ्या पेटीपाशी ती म्हणाली, "शेवग्याखालची जरा अशक्त वाटते, आप्पा. पावसाळ्यात तिच्याकडे बघा." मी बरे म्हणालो. झाकण ठेवता ठेवता ती पुढे म्हणाली, "आणि मी गेले की नियमाप्रमाणे वाटून टाका. भाषण तेवढं लांबवू नका." मी म्हणालो, "असे अभद्र बोलू नये." त्या क्षणी दुसरे काही तरी म्हणता आले असते. मला तेवढेच सुचले, आणि तेही शुद्ध. तिने अर्धी वीट ठेवली, माझ्या खांद्याला धरून उठली आणि आत जाऊन झोपली. त्यानंतर ती परसात आली नाही.

बाई, आता जे लिहितो आहे ते तुम्ही कपाळाला आठ्या घालून वाचाल. तिच्या आजारपणात आणि ती गेल्यावरही मी एकाही पेटीचे झाकण उचलले नाही. आळस नव्हता. रोज सकाळी मी शेवग्याखाली खुर्ची टाकून बसत असे. पण चारही झाकणे तिच्या हातची होती, तिने टाकली होती तशी, वाकडी. उचलले असते तर पुन्हा ठेवताना ते माझ्या हातचे झाले असते. पावसाची झड लागली, माश्यांना साखरेचे पाणी द्यायला हवे होते, आणि झाकण तर उचलवत नव्हते. तेव्हा मी दोन ताटल्यांत साखरेचे पाणी करून त्या पेट्यांसमोरच्या भिंतीवर उघड्यावर ठेवल्या. बुडू नयेत म्हणून त्यांत काड्या टाकल्या. मनाशी म्हणालो, एवढे दोन दिवस. मग तेच चालू राहिले. माश्या ताटल्यांवर आल्या, आणि शेवग्याखालच्या पेटीच्या दारातही अशी वर्दळ सुरू झाली की काय सांगावे. तिने अशक्त म्हटलेली पेटी चारांत सर्वांत गजबजलेली. ती रुग्णालयात होती तेव्हा मी उशाशी बसून तिला सांगत असे, "तुझी शेवग्याखालची सुधारली आहे. दारात नुसती गर्दी आहे." ती डोळे मिटून म्हणायची, "खरंच? बघा, मी म्हटलं होतं ना." ती गेल्यावरही मी त्याच गर्दीकडे पाहत बसायचो. त्या दिवसांत मला तेवढाच एक आधार होता. येणाऱ्या माश्यांचे पाय मात्र मी पाहिले नाहीत. एका दिवशीही नाही.

परवा मंडळाची माणसे आली तेव्हा पाऊस उघडला होता. आपली सचिव आता एक औषधांच्या दुकानाची मालकीण आहे, माझ्या मुलीची जिवाभावाची मैत्रीण. वहिनी आल्या होत्या. पेट्या न्यायला टेम्पो असलेला एक सभासद आला होता. चहा झाल्यावर सचिव माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आप्पा, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. एक पेटी इथेच राहील."

"नियम आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. तुम्हीच पाठ करून घेतलाय. पण तो कशासाठी आहे? पेटी मरू नये म्हणूनच ना? तुमच्याकडे पेटी कशी मरेल?"

टेम्पोवाला म्हणाला, "हो म्हणा आप्पा. तशीही माझ्या टेम्पोत तिघींचीच सोय आहे. चौथीला पुढे शेजारी घेणार नाही मी. मागच्या खेपेला कानाला चावली, बायको आठवडाभर हसत होती." मंडळी हसली. मीही थोडा हसलो असेन. मग मी वहिनींकडे पाहिले. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता, भाऊजी? माझं ते जुनं झालं. ठेवा एक."

बाई, मी ती ठेवणार होतो. मी ते वाक्य आधीच्या रात्री तयारही करून ठेवले होते. इतरांना जे नाकारले ते मी स्वतःसाठी घेणार होतो, आणि त्याची लाजही मला वाटत नव्हती. मी उभा राहून म्हणालो, "मंडळाचीच तशी इच्छा असेल, तर शेवग्याखालची पेटी ठेवावी. तपासणी मात्र चारही पेट्यांची होईल." हे शेवटचे वाक्य मी का जोडले? सवय. तेवढा तरी नियम पाळावा म्हणून.

पहिल्या तीन पेट्या उघडल्या तेव्हा सचिव चकित झाली. चौकटी मधाने जड झाल्या होत्या. "ऐन पावसाळ्यात एवढा मध? आप्पा, काय खाऊ घातलंत यांना?" मला त्यात स्तुतीच ऐकू आली. मग तिने चौथ्या पेटीवरची अर्धी वीट उतरवली आणि झाकण उचलले. ते तिने परत ठेवलेच नाही, म्हणून मी खुर्चीतून उठून जवळ गेलो. आत पांढरी जाळी होती. मेणकिड्याच्या अळ्यांनी पोळी चाळणीसारखी करून टाकली होती आणि उरलेल्या कडांवर शेजारच्या पेट्यांतल्या काही माश्या शेवटचा मध चाटून नेत होत्या. पेटीतली राणी नव्हती, पिल्ले नव्हती, घरच्या माश्या नव्हत्या. त्या केव्हा उठून गेल्या, कोणास ठाऊक. कदाचित मी रुग्णालयात तिला गर्दीची बातमी देत होतो, तेव्हाच गेल्या असतील. आणि मला गजबजलेले घर म्हणून जे दिसत होते, ती त्या घराची लूट होती.

"दारात तर केवढी ये-जा होती," टेम्पोवाला हळूच म्हणाला. सचिवेची नजर भिंतीवर गेली. ताटल्या तिथेच होत्या, काड्यांसकट. हा धडा तिला मीच दिला होता. तिने जाऊन दोन्ही ताटल्या उचलल्या, पाणी मोरीत ओतले आणि त्या धुऊन पालथ्या घातल्या. मला वाटते, तिने मला खडसावले असते तर ते सोसणे सोपे गेले असते. तुम्ही खडसावले असते.

परत आल्यावर ती म्हणाली, "आप्पा, मग या तिन्हींपैकी एक ठेवू या ना."

"नको," मी म्हणालो. "तिन्ही न्याव्यात."

"आप्पा—"

"रडणारे घर पेटी उघडत नाही," मी म्हणालो. तुमचे वाक्य. ते मी आजवर दुसऱ्यांच्या अंगणात उभा राहून म्हणत आलो होतो. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला असावा, कारण पुढे कोणी आग्रह केला नाही.

किडलेल्या चौकटी जाळायच्या असतात. त्या मीच जाळल्या. पालापाचोळा ओला होता, म्हणून जुनी वर्तमानपत्रे लावली. मेण पेटले आणि परसात तोच वास पसरला जो तुमच्या स्वयंपाकघरात रविवारी असायचा. तुम्ही सुरगाण्याहून आणलेला वंश तेथे संपला. तेही मला तुम्हाला कळवायला हवे होते. दिवेलागणीला, माश्या घरी परतल्यावर, तिन्ही पेट्यांची दारे जाळीने बंद केली आणि त्या टेम्पोत चढवल्या. निघताना वहिनी मागे राहिल्या. म्हणाल्या, "भाऊजी, उद्या सकाळी मागचं दार उघडू नका."

"का?"

"बाहेर राहिलेल्या चार-दोन माशा असतातच. सकाळी घर शोधत येतात. माझ्याकडे आल्या होत्या. बघवत नाही." मग पदर सावरून म्हणाल्या, "तुम्ही उघडणारच. तरी सांगून ठेवलं."

काल सकाळी मी दार उघडले. त्या आल्या होत्या. रिकाम्या लोखंडी स्टँडवर, जिथे पेटीचे दार होते बरोबर त्या उंचीवर, हवेत त्या घिरट्या घालीत होत्या. थोडे दूर जात आणि पुन्हा त्याच जागी येत, आपली दिशा चुकली असेल असे समजून पुन्हा पहिल्यापासून मोजल्यासारख्या. मी दिवसभर दारातच बसलो. जेवणाचे स्मरण राहिले नाही. संध्याकाळी गारवा पडला तेव्हा त्या स्टँडच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या. आज सकाळी पाहिले, तर त्या स्टँडच्या पायाखालच्या वाटीतल्या पाण्यात पडलेल्या होत्या. मी वाटी ओतली नाही.

तुमचा नियम बरोबर आहे, बाई. माझ्या घरातच तो बरोबर ठरला. परंतु एक विचारावेसे वाटते. हा नियम करताना तुम्ही माश्यांचा विचार केलात. पेट्या गेल्यावर त्या घरातल्या माणसाने सकाळी उठून काय करावे, याचा केला होता का? तुम्ही एकट्या होतात. तुमच्या मागे तुमच्या परसात बसणारे कोणी नव्हते. पेट्या उचलल्या आणि आम्ही घराला कुलूप लावले. हा ठपका समजू नये. ज्यांच्याकडून मी सगळे शिकलो, त्यांनाच न समजलेले विचारावे, एवढेच. सचिव आज सकाळी येऊन गेली. डबा ठेवला, चारही स्टँड हलवून ठेवू का म्हणाली. मी नको म्हणालो. रविवारच्या सभेला याल ना, म्हणाली. मी म्हणालो, "अध्यक्षांनी यायलाच हवे." ती माझ्या मुलीने धरला होता तसा माझा खांदा धरून थोडा वेळ उभी राहिली.

हे पत्र पाठवायचे कोठे, हा प्रश्न नाही. मी लिहिणार होतो ते तुम्हाला नव्हे. सकाळी दुसराच कागद घेऊन बसलो होतो. मुलगी लहान असताना मी तिला 'माय' म्हणत असे. ती नोकरीला लागल्यावर, मोठ्या मुलीला चारचौघांत तसे म्हणणे बरे दिसत नाही म्हणून सोडून दिले, आणि चारचौघांत सोडलेले मग घरातही सुटले. आज कागदावर तो शब्द लिहिला, पुढे स्वल्पविराम दिला, आणि त्यानंतर काय लिहावे ते मला येईना. तुम्हाला कसे लिहायचे ते मला येते. म्हणून तो कागद बाजूला ठेवला आणि हा घेतला.